खुर्चीतून चालणारा स्टिरिओ

हुकूम सोडणारा माणूस जितका दूर बसलेला असतो, तितका हुकूम मोठा असतो. जवळ उभे राहून सांगितले तर ती विनंती होते, आणि स्वतःच जाऊन काम केले तर त्याला नोकरी म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकण्याला आपल्या पूर्वजांनी उगाचच नावे ठेवली. उंटावर चढायला मान लागतो, शेळ्यांपर्यंत पोचेल असा आवाज लागतो, आणि शेळ्या आपापल्या वाटेने गेल्या तरी त्या आपल्याच हुकमाने गेल्या असे मानायला मोठे मन लागते. हे सगळे एका ठिकाणी जमले की त्याला कारभार म्हणतात.

बडोद्याच्या कारखानीस घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या जमलेले होते. लक्ष्मीकांतराव कारखानीसांचे पणजोबा संस्थानच्या दिवाबत्तीच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या अमलात रोज संध्याकाळी शेकडो दिवे लागत, आणि त्यांनी स्वतः आयुष्यात एकही दिवा लावला नाही. (एकदा लावायला गेले तेव्हा मिशी जळाली, असे घरात सांगतात. खात्याकडे तशी नोंद नाही.) ते नागरवाड्यातल्या ओसरीवर बसून "हं" म्हणत. ते "हं" कारकुनाकडे जाई, कारकुनाकडून जमादाराकडे, जमादाराकडून मशालजीकडे, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला दिवा पेटे. मध्ये तार नाही, वीज नाही. परदेशातल्या लोकांना हीच युक्ती साधायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि त्यांना त्यात बॅटऱ्याही घालाव्या लागल्या.

लक्ष्मीकांतरावांच्या वाट्याला खाते आले नाही. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळून ते निवृत्त झाले. आता त्यांच्या अमलाखाली कारेलीबागेतल्या फ्लॅटचा दिवाणखाना, त्यातली एक वेताची खुर्ची आणि खुर्चीसमोरच्या भिंतीशी असलेला स्टिरिओ, एवढाच मुलूख होता.

पण स्टिरिओ साधा नव्हता. मुलगा अभिषेक याच्या मुंजीच्या वर्षी घेतलेला. कमरेएवढे दोन स्पीकर, दोन कॅसेटी, तीन सीड्या एकदम पोटात घेणारा, आणि शिवाय रेडिओ. त्याच्यावर इतकी बटणे होती की त्यांतली निम्मी कशासाठी आहेत हे घरात कोणाला कधीच कळले नाही. (भारी वस्तू ओळखण्याची हीच खूण.) बटणांच्या वर, बरोबर मधोमध, करंगळीच्या नखाएवढी एक काळी चकचकीत काच होती. ती दाबली जात नव्हती, फिरत नव्हती, तिच्यावर काही लिहिलेलेही नव्हते. सर्वांत वर, अगदी मध्यावर आणि काहीही काम न करणारा भाग म्हणजे कपाळ, हे लक्ष्मीकांतरावांनी पहिल्याच दसऱ्याला ओळखले.

कारखानीसांकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. स्कूटरच्या दिव्याला, मिक्सरच्या पोटाला, शिलाई मशीनच्या चाकाला कुंकू लागते. स्टिरिओला ते कपाळावर लागे. आधी गंध, मग हळद, मग कुंकू, वर अक्षता. एकदा लावलेले कुंकू पुसायचे नाही. नुसते पुसणे तर सोडाच, तसे शब्दसुद्धा त्या घरात तोंडातून काढायचे नाहीत. म्हणून प्रत्येक दसऱ्याचे कुंकू मागच्या दसऱ्याच्या कुंकवावर चढत गेले आणि स्टिरिओच्या कपाळाला चांगला बोराएवढा उंचवटा आला. अधूनमधून तिथे मुंग्या येत. (अक्षतांसाठी. मुंग्यांना संगीत कळते असे कोणी म्हटलेले नाही.)

घेतल्यावर दोन-तीन वर्षांतच स्टिरिओचा मूळ रिमोट आधी मंदावला आणि मग अजिबात चालेना. "परदेशी माल," लक्ष्मीकांतराव म्हणाले, "इथलं हवामान सोसलं नाही त्याला." त्यांनी तो रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी रुमालात बांधली, रुमाल डब्यात ठेवला आणि डबा कपाटात. बॅटऱ्या आतच होत्या. त्या यथावकाश पाझरल्या आणि रिमोट खरोखरीच मेला. अशा रीतीने त्यांचे निदान मागाहून का होईना, बरोबर ठरले.

तेव्हापासून स्टिरिओ निरुपमाबाईंवर चालू लागला.

निरुपमाबाई म्हणजे लक्ष्मीकांतरावांच्या पत्नी. ही यंत्रणा मूळ रिमोटपेक्षा सर्वच बाबतींत सरस होती. ती समोर धरावी लागत नसे. स्वयंपाकघरात असली तरी हुकूम भिंतीतून पोचे. "अगं, जरा आवाज" एवढेच म्हटले की वाढवायचा की कमी करायचा हे तिला आपोआप कळे. बॅटऱ्यांचा प्रश्नच नव्हता; सकाळचा अर्धा कप चहा दिवसभर पुरे. प्रतिसादाला उशीर दोनच प्रसंगी होई, गॅसवर दूध असताना आणि भावाचा फोन आलेला असताना. दोष काढायचाच तर एक होता. स्टिरिओपाशी पोचल्यावर ही यंत्रणा दर वेळी काहीतरी बोले. "हात तुटलेत का तुमचे?" हे त्यातले नेहमीचे. लक्ष्मीकांतरावांनी त्याला कधी उत्तर दिले नाही. हा आपल्याला विचारलेला प्रश्न आहे, असे त्यांच्या मनातच आले नाही. यंत्रणा चालू झाली की असा आवाज येतो, अशी त्यांची समजूत होती.

यंदा श्रावणात निरुपमाबाईंचा उजवा गुडघा बदलला. गुडघा चांगला निघाला. डॉक्टरांनी बजावले, की सकाळ-संध्याकाळचे ठरलेले चालणे चालायचे, बाकी उगाच ऊठबस करायची नाही. घरात वॉकर आला. निरुपमाबाई सोफ्यावर बसल्या, लक्ष्मीकांतराव खुर्चीत बसले, स्टिरिओवर कुठलेसे नाट्यपद जोरात लागले होते. लक्ष्मीकांतराव सवयीने म्हणाले, "अगं, जरा आवाज," आणि निरुपमाबाई सवयीने वॉकर धरून अर्ध्या उठल्या.

नेमका तेव्हा अभिषेक ऑफिसातून आला.

"बाबा, काय चाललंय हे?"

"काही नाही रे. आवाज जरा..."

"आई वॉकर घेऊन आवाज कमी करायला जाणार? नवा गुडघा ह्याच्यासाठी बसवला का?"

"जुना तरी दुसऱ्या कशासाठी होता?" निरुपमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या.

त्या रात्री जेवताना विषय निघाला आणि भाकरी संपायच्या आत निर्णय झाला. स्टिरिओसाठी आईने एकदाही उठायचे नाही. दसऱ्यापर्यंत स्टिरिओ खुर्चीतून चालला तर तो घरात राहील. नाही चालला तर पादरा गावचा श्रीकृष्ण, जो अभिषेकचा वर्गमित्र असून लग्नाचे मंडप घालतो, तो टेम्पो घेऊन येईल आणि स्पीकरांसकट स्टिरिओ नेईल. त्याला तसा एक वरातीसाठी हवाच होता.

लक्ष्मीकांतरावांच्या हातातला घास हातातच राहिला. ज्या स्टिरिओने गेली इतकी वर्षे त्यांच्या घरात शास्त्रीय संगीत आणि नाट्यपदे यांखेरीज काही वाजवले नव्हते (क्रिकेटचे धावते वर्णन वगळून), तो घोड्याच्या मागे टेम्पोत बसून वरातीत वाजणार, या कल्पनेने त्यांना ठसकाच लागला.

"आबा, तुम्हीच उठून बटण दाबा ना," त्यांची नात मैथिली म्हणाली.

मैथिली पाचवीत आहे. त्यामुळे ही सूचना कोणी मनावर घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीकांतराव रावपुऱ्यातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने काचेच्या खालून एक युनिव्हर्सल रिमोट काढून पुढे ठेवला.

"काका, आ बधामां चाले. टीवी, एसी, स्टिरिओ, बधुं."

"आमचा जुना आहे हो. फार जुना."

"जूनुं-नवुं कंई नहीं, काका. युनिवर्सल एटले युनिवर्सल."

हे उत्तर लक्ष्मीकांतरावांना फार पटले. त्यांच्या मते नियम असाच असावा. त्याचा अर्थ विचारला की त्याने पुन्हा तोच नियम सांगावा. घरी येऊन त्यांनी जाहीर केले, की हा रिमोट घरातल्या सर्वांचा आहे आणि म्हणून तो फक्त आपल्याकडे राहील. सर्वांची वस्तू सर्वांच्या हातात गेली की हरवते, हे त्यांनी नोकरीत पाहिले होते. रिमोटवरचे मूळ प्लॅस्टिक तसेच ठेवले. वर दुसरे चढवले. त्यावर रबरबँड.

रिमोटबरोबर मुंगीच्या अक्षरांत छापलेला एक कागद होता. त्यात कंपन्यांची नावे आणि प्रत्येकीपुढे आकडे. एक बटण दाबून धरायचे, लाल दिवा लागला की आकडा घालायचा, मग स्टिरिओकडे रोखून दाबायचे. जो आकडा लागू पडेल तो आपला. लक्ष्मीकांतरावांनी आपल्या कंपनीपुढचे आकडे घातले. काही झाले नाही. मग त्यांनी इतर कंपन्यांचे घालायला घेतले, कारण ऑफिसात आपल्या खात्यात न झालेले काम पुष्कळदा दुसऱ्या खात्यात होऊन जाते.

आणि कामे होऊ लागली. एका आकड्याने घरातला एसी सुरू झाला. दुसऱ्याने टीव्ही आपण होऊन शेअरबाजारावर गेला. तिसरा आकडा घातला तेव्हा घरात काहीच झाले नाही, पण उघड्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या हर्षदभाई शहांचा टीव्ही बंद पडला. तो त्यांनी लावला. तो पुन्हा बंद पडला. हर्षदभाई बाल्कनीत आले.

"लक्ष्मीकांतभाई! मारो टीवी तमे बंध करो छो?"

"छे छे! आम्ही स्टिरिओ चालू करतोय!"

"तो स्टिरिओ मारा घरमां छे?"

लक्ष्मीकांतरावांनी खिडकी लावून घेतली. मुद्दा एवढाच, की रिमोटमध्ये दोष नव्हता. त्याचा अंमल रस्त्यापलीकडे चालत होता. फक्त घरात चालत नव्हता; पण कर्तबगार माणसांच्या बाबतीतही असेच घडते.

तरीही त्यांनी पाहणी केली. (पाहणी त्यांनीच केली, निष्कर्षही त्यांनीच काढले, त्यामुळे दोहोंत कुठेच मतभेद आढळला नाही.) त्यानुसार रिमोट न चालण्याची कारणे शंभरात साठ वेळा बॅटरी, वीस वेळा दाबणाऱ्याचा अंगठा, पंधरा वेळा महानगरपालिका आणि उरलेल्या पाच वेळा निरुपमाबाई मध्ये उभ्या असणे, अशी निघाली. निरुपमाबाई आता उभ्या राहत नसल्याने शेवटचे कारण गुडघ्याबरोबर गेले होते. उरलेल्यांवर मान्यताप्राप्त उपाय करण्यात आले. बॅटऱ्या काढून त्याच परत घातल्या. त्या अंगठ्याने जागच्या जागी फिरवल्या. रिमोट तळहातावर आपटला. मग मांडीवर. मग हात लांब केला. हात पुरेना तेव्हा खुर्ची पुढे सरकवली. रोज थोडी थोडी सरकवत खुर्ची एके दिवशी स्टिरिओला जाऊन टेकली. तिथून बटणापर्यंत हात सहज पोचत होता. पण तो प्रयोगाचा विषय नव्हता.

लक्ष्मीकांतराव शिकवण्यात मात्र हाडाचे मास्तर होते. मैथिलीने काही विचारले आणि ते कंटाळले, असे कधी झाले नाही.

"आबा, रिमोट इथून तिथे काय पाठवतो?"

"उजेड."

"मला तर नाही दिसला."

"काही उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. थांब, तुझ्या आईचा फोन आण."

सून मुग्धा हिचा मोबाइल हातात आला. लक्ष्मीकांतरावांनी त्याचा कॅमेरा उघडून मैथिलीच्या हातात दिला आणि रिमोटचे तोंड कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले. फोनच्या पडद्यावर रिमोटच्या नाकाशी एक जांभळट ठिपका लुकलुकला.

"अरे! ही तर टॉर्च आहे!"

"शाब्बास. लुकलुकणारी टॉर्च. प्रत्येक बटणाचं लुकलुकणं वेगळं."

"पण मग पलीकडे कोणीतरी बघायला पाहिजे ना? तुम्ही मला खूण केली आणि मी डोळे मिटले, तर मला कसं कळणार?"

"अगदी बरोबर. म्हणून यंत्राला एक डोळा असतो. तो बघतो आणि आत कळवतो."

"आपल्या स्टिरिओचा डोळा कुठे आहे?"

लक्ष्मीकांतरावांनी रिमोटचे तोंड स्टिरिओकडे वळवले. "आत," ते म्हणाले. "मोठ्या यंत्राचं महत्त्वाचं सगळं आत असतं."

"आत तर अंधार असेल."

"म्हणूनच आपण बाहेरून उजेड पाठवतोय."

सोफ्यावर मेथी निवडत बसलेल्या निरुपमाबाईंनी मान वर केली.

"अहो, तो नवा होता तेव्हा त्या काळ्या काचेत लाल दिवा लुकलुकायचा. रिमोट दाबला की."

"कुठल्या काचेत?"

"कुंकवाच्या खाली आहे ती."

"अगं, ते कपाळ आहे त्याचं."

"मग कपाळात दिवा कशाला बसवतील? मी बघितलाय ना. इतकी वर्षं त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी कोण राहिलीय, तुम्ही का मी?"

लक्ष्मीकांतरावांनी ही सूचना पूर्ण ऐकून घेतली. ऐकून घेणे हा त्यांच्या कार्यपद्धतीतला शेवटचा टप्पा होता.

घटस्थापना झाल्यावर निरुपमाबाईंनी पुन्हा सांगून पाहिले, "ते कुंकू जरा खरवडून तरी बघा," तेव्हा मात्र ते दुखावले. "नवरात्रात असं बोलतेस? कुंकवानं आजवर कोणाचं वाईट झालंय का?"

"कोणाचं नाही," निरुपमाबाई म्हणाल्या. "लावा. माझं काय जातंय. मी आता रिटायर झालेय."

पण त्यांचेही जात होते. पूर्वी दुपारी घर सामसूम झाले की त्या स्टिरिओ ऐकत, हळू आवाजात. गुडघा बदलल्यापासून तो लावायला कोणाला सांगायचे नाही, असे त्यांनी स्वतःच ठरवले होते. सांगणाऱ्याचा ताप काय असतो ते त्यांना माहीत होते. हाताशी चालणारा रिमोट असता, तर सोफ्यावर पाय पसरून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बसल्या जागेवरून गाणे लावता आले असते. हे त्या कोणाला बोलल्या नाहीत. श्रीकृष्णचा टेम्पो मात्र त्यांना दोनदा स्वप्नात दिसला.

अष्टमी आली. कागदावरचे आकडे संपले. तेव्हा सर्व प्रशासकीय मार्ग खुंटल्यावर जे करायचे ते लक्ष्मीकांतरावांनी केले. संध्याकाळी दिवा लागल्यावर ते स्टिरिओसमोर हात जोडून उभे राहिले आणि नवस बोलले, "दसऱ्याला खुर्चीतून चाललास, तर वर्षातून एकदा नाही, रोज सकाळी कुंकू लावीन." स्टिरिओ काही बोलला नाही. अर्ज मंजूर होताना वरची मंडळी बोलत नाहीतच, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

दसऱ्याच्या सकाळी हर्षदभाई फाफडा-जिलेबीचा पुडा घेऊन आले. ("मारो टीवी आजे सेफ छे ने?") पादऱ्याहून श्रीकृष्ण आला. टेम्पो खाली उभा होता आणि टेम्पोच्या आरशाला झेंडूची माळ होती. म्हणजे त्याचीही पूजा होऊन तो कामाला तयार होता. लक्ष्मीकांतरावांनी सोवळे नेसून यंत्रांची पूजा केली. स्टिरिओला यंदा त्यांनी हात राखून लावले नाही. गंधाचा थर, हळदीचा थर, कुंकवाचा तर असा, की जुना उंचवटा त्याखाली दिसेनासा झाला. चिमूटभर जास्त अक्षता. मग त्यांनी खुर्ची मूळ जागी नेली, बसले आणि रिमोटमध्ये आपल्या कंपनीपुढचाच पहिला आकडा घातला. तो आधी घालून झाला होता आणि त्याने काही झाले नव्हते. पण तो साधा दिवस होता. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे.

त्यांनी बटण दाबले.

हर्षदभाईंनी जिलेबी तोंडाशी नेली होती ती तिथेच थांबली. स्टिरिओ गप्प होता.

त्यांनी पुन्हा दाबले. बॅटऱ्या फिरवल्या. मांडीवर आपटला. खुर्ची एक वीत पुढे घेतली, मग आणखी एक वीत. अभिषेक खाली बघत होता. मुग्धा उगाच आपट्याची पाने मोजू लागली.

"काका, वायरी सोडायला घेऊ ने?" श्रीकृष्णने हळूच विचारले. "तुम्ही निरांते बसा, आरामात."

लक्ष्मीकांतरावांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

तेव्हा निरुपमाबाई उठल्या.

ज्यांनी उठू नये म्हणून दोन महिने हा सगळा खटाटोप चालला होता, त्याच वॉकर टेकत दिवाणखाना ओलांडून स्टिरिओपाशी गेल्या. "आई, नको!" अभिषेक म्हणाला. त्यांनी ऐकले नाही. म्हणजे ऐकून घेतले. एका हाताने वॉकर धरून दुसऱ्या हाताचे नख त्यांनी उंचवट्याखाली घातले. ओला-सुका सगळा थर भिंतीचा गिलावा पडावा तसा एका ढपल्यात खाली आला. पंचवीसेक दसरे जमिनीवर पडले. मुग्धाने तोंडावर हात ठेवला. निरुपमाबाईंनी पदराच्या टोकाने काच लख्ख केली, वॉकर वळवला, सोफ्यापर्यंत आल्या आणि बसल्या.

"आता दाबा."

लक्ष्मीकांतरावांनी दाबले. काळ्या काचेत लाल दिवा लुकलुकला, आत काहीतरी खरखरले, आणि कमरेएवढ्या दोन्ही स्पीकरांतून रेडिओवरचे एक तज्ज्ञ गुजरातीत तुरीवरच्या अळीविषयी बोलू लागले. सर्वांनी तो कार्यक्रम उभे राहून शेवटपर्यंत ऐकला. लक्ष्मीकांतरावांच्या डोळ्यांत पाणी आले. निरुपमाबाईंच्याही आले, पण त्यांनी ते गुडघ्यावर ढकलले. श्रीकृष्ण फाफडे खाऊन रिकामा टेम्पो घेऊन पादऱ्याला गेला.

आता कोणाला वाटेल, की गोष्ट इथे संपली. दोष कळला, दोष गेला. पण दोष कळल्याने जो जातो तो दोष साधा म्हणायचा.

लक्ष्मीकांतराव विज्ञानाच्या विरोधात कधीच नव्हते. ती काच म्हणजे डोळा आहे आणि कुंकवाने तो झाकला जात होता, हे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केले; इतकेच नव्हे, तर संध्याकाळी मैथिलीला आकृती काढून समजावून दिले. (आकृती बिनचूक होती.) मग वही मिटून ते म्हणाले, "आता उद्यापासून रोज सकाळी कुंकू."

"अहो, काय?"

"नवस आहे. चाललास तर रोज कुंकू लावीन म्हटलं होतं. चालला."

"आबा, मग बाजूला लावा ना," मैथिली म्हणाली. "काच सोडून."

"बाळ, कपाळ सोडून गालाला कुंकू लावतं का कोणी?"

"पण तो डोळा आहे! तुम्हीच आत्ता शिकवलंत!"

"डोळा आहेच. ते झालं विज्ञान. हा झाला नवस."

तेव्हा परंपरा आणि विज्ञान यांचा मेळ घालणारी तोड निघाली. सकाळी कुंकू लावायचे. स्टिरिओ ऐकायच्या वेळी ते काढायचे. (पुसायचे नाही. बांगडी वाढवतात तसे हे कुंकू वाढवायचे, असे ठरले.) कोणी वाढवायचे? पुरुषाने कुंकवाला तसा हात लावणे बरे नव्हे. मैथिली लहान. मुग्धा दिवसभर ऑफिसात. एक एक नाव गळत शेवटी एकच उरले, आणि त्यांना तर या कामाचा पूर्वानुभवही होता.

"बाबा," अभिषेक म्हणाला, "ठरलं काय होतं? आईनं स्टिरिओसाठी उठायचं नाही."

"स्टिरिओसाठी कुठे उठतेय ती?" लक्ष्मीकांतराव शांतपणे म्हणाले. "स्टिरिओ मी चालवणार, खुर्चीतून. ती उठणार कुंकवासाठी. खातं वेगळं आहे."

पणजोबांचे रक्त वाया जात नाही.

तेव्हापासून सगळे सुरळीत चालू आहे. रोज सकाळी लक्ष्मीकांतराव खुर्चीतून उठतात, स्टिरिओपाशी जातात, त्याला कुंकू लावतात आणि खुर्चीत परत येऊन बसतात. (त्या वेळी बटण त्यांच्या हातापासून दोन बोटांवर असते. ही माहिती केवळ नोंदीसाठी.) मग ते रिमोट स्टिरिओकडे रोखतात आणि म्हणतात, "अगं!" निरुपमाबाई वॉकर टेकत येतात, कुंकू वाढवतात आणि बाजूला होतात. लक्ष्मीकांतराव बटण दाबतात. यशाचे प्रमाण शंभरात शंभर आहे. युनिव्हर्सल रिमोटविषयी कोणी विचारले, तर ते निःसंकोच शिफारस करतात.

परवा निरुपमाबाई काच पुसता पुसता म्हणाल्या, "अहो, इथपर्यंत आलेच आहे तर बटणही मीच दाबू का?"

लक्ष्मीकांतरावांना धक्काच बसला. "मग रिमोट कशाला घेतला?"

निरुपमाबाईंनी स्टिरिओकडे पाहिले. स्टिरिओने, आता डोळा उघडा असल्याने, त्यांच्याकडे. मग त्या "हात तुटलेत का तुमचे?" असे म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

हे वाचून आपल्याला लक्ष्मीकांतरावांचे हसू आले असेल, आणि ते यावेच. मात्र हसण्याच्या भरात जवळ ठेवलेला चहा निवू देऊ नये. तो आपण कोणते बटण दाबून मागवला आणि तो इथपर्यंत कसा चालत आला, हे आठवत नसेल, तर आपल्याकडची यंत्रणाही उत्तम चालू आहे असे समजावे. कप ठेवताना कोणी काही बोलले असेल तर तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही. यंत्रणा चालू झाली की असा आवाज येतो.